डबा माझा, कार्ड कंपनीचं: स्वतःच्या रेकॉर्डरचे आठ महिने

केबल कंपनीचा, टीव्हीचे कार्यक्रम साठवणारा भाड्याचा रेकॉर्डर मी ऑक्टोबर २०१७ मध्ये परत केला आणि स्वतःचा घेतला. अमेरिकेत केबल घेणाऱ्या बहुतेकांकडे कंपनीचाच डबा असतो आणि बिलात त्याचं भाडं इतकं मुकाट बसलेलं असतं की नजर त्यावरून घसरते. माझी सहा वर्षं घसरली.

मग एका रात्री डब्यातली हार्ड डिस्क कट-कट वाजायला लागली आणि दोन दिवसांनी चित्र जागीच थिजलं. कंपनीचा माणूस आला, जुना डबा काढून नवा लावला आणि दहा मिनिटांत गेला. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने सवडीने बघू म्हणून साठवलेल्या मालिका जुन्या डब्याबरोबर गेल्या. "म्हणजे पैसे आपण भरायचे आणि सामान त्यांचं?" एवढंच ती म्हणाली.

कंपनीचा रेकॉर्डर आणि त्याची सेवा (कार्यक्रमांचं वेळापत्रक वगैरे) धरून महिन्याला २० डॉलर जात होते. वापरलेला पण कायमची सेवा आधीच भरलेला रेकॉर्डर मला ४०० डॉलरला मिळाला, वर केबलकार्डचं भाडं महिना अडीच डॉलर. म्हणजे साधारण २३ महिन्यांत पैसे वसूल. सेवेचे पैसे दरमहा भरणार असाल तर मात्र हे गणित बरंच लांबतं, आधी ते मांडा. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढचं सगळं कार्डावर चालणाऱ्या कुठल्याही रेकॉर्डरला लागू आहे.

केबलकार्ड म्हणजे चॅनलांचं कुलूप उघडणारी किल्ली. १९९६ च्या दूरसंचार कायद्यात, ग्राहकाला केबलचा डबा बाजारातून घेता यावा असं कलम आहे. त्यातून हे कार्ड आलं. कंपन्यांनी स्वतःच्या डब्यातही तेच वापरावं अशी सक्ती २००७ मध्ये आली आणि २०१५ मध्ये उठली. मागणाऱ्याला कार्ड मात्र तेव्हा द्यावंच लागायचं, ती सक्ती २०२० मध्ये उठली. कंपनीला फोन केला तेव्हा पहिल्या बाईंनी "असं काही आमच्याकडे नसतं" म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी मला इंटरनेट विकायचा प्रयत्न केला. तिसऱ्या गृहस्थांना नेमकं ठाऊक होतं. कार्ड खाचेत सरकवलं, टीव्हीवर आलेले लांबलचक आकडे त्यांना वाचून दाखवले, एक आकडा चुकला, पुन्हा सगळं पहिल्यापासून. चाळीस मिनिटांनी सगळी चॅनलं लागली.

सगळी म्हणजे क्रिकेटचं सोडून. कमी लोक बघतात ती चॅनलं आमच्याकडे तारेतून सतत येत नाहीत. गल्लीत कुणी मागितलं तरच सोडतात. कंपनीचा डबा तशी मागणी वर कंपनीकडे पाठवू शकतो, कार्डावरचा रेकॉर्डर फक्त ऐकतो. म्हणून कंपनीकडून ट्यूनिंग अ‍ॅडॅप्टर नावाची आणखी एक डबी आणून यूएसबीने जोडावी लागते. ती फुकट मिळाली आणि त्याच लायकीची निघाली. जानेवारीत केपटाऊनची कसोटी आमच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने पहाटे साडेतीनला सुरू व्हायची. दुसऱ्या दिवशी हार्दिक पंड्याने ९३ मारल्या. मी चहा घेऊन रेकॉर्डिंग लावलं तर काळा पडदा आणि वर "चॅनल उपलब्ध नाही". रात्री कधीतरी डबी झोपली होती. तिचा स्थिर असायला हवा तो दिवा लुकलुकत होता. तेव्हापासून तिची तार टाइमरवाल्या प्लगमध्ये आहे, रोज दुपारी एकदा बंद होऊन चालू होते. पुन्हा दगा नाही.

बाकी रोजचा वापर सुखाचा. जुन्या डब्यावर रिमोट दाबून मी मनात एक-दोन मोजायचो, इथे बोट उचलायच्या आत काम होतं. एका वेळी सहा चॅनलं रेकॉर्ड होतात, त्यामुळे "तुझी मॅच की माझा कार्यक्रम" हे भांडण संपलं. एचडीचा एक तास साधारण ६ ते ८ जीबी खातो. १ टीबीची डिस्क मला दोन महिने पुरते, पण मी पाहून झालेलं पुसत नाही, हा माझा दोष. तीस सेकंद पुढे उडी मारायचं बटण आहे. षटकांमधल्या जाहिराती त्याने चार दाबांत जातात आणि पाचवा दाब हमखास एक चेंडू खातो.

दोन गोष्टी गेल्या. कंपनीचे मागाल तेव्हा मिळणारे सिनेमे आता दिसत नाहीत, कारण तेच: रेकॉर्डर वर काही मागू शकत नाही. मला त्याचं सोयरसुतक नाही, बायकोला आहे. दुसरी जास्त खुपते. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेता येईल म्हणून मी हरखलो होतो, पण कंपनी बहुतेक चॅनलांवर "एकदाच नक्कल" असा शिक्का मारते, आणि ती एक नक्कल रेकॉर्डरमध्येच खर्ची पडते. आमच्याकडे स्थानिक प्रक्षेपण चॅनलांवर तो शिक्का नाही, म्हणून बातम्या खुशाल काढून ठेवता येतात. बातम्या कोण काढून ठेवतं?

डबा परत करताना पावती घ्या आणि तिचा फोटोही काढा. परत केल्यानंतरही दोन महिने मला त्याचं भाडं लागत होतं. फोटो पाठवला तेव्हा ४० डॉलर परत आले.