नाव मुलार्डचं, आत भलताच व्हॉल्व्ह

घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्यांपैकी कुणी सध्या जुने पॉवर व्हॉल्व्ह (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मी ईएल३४ या प्रकारचे चार घेतले. चारही मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचे, न वापरलेल्या जुन्या साठ्यातले आणि एकमेकांशी जुळवलेले, म्हणजे सारखाच करंट घेणारे, असं सांगून ते मला विकले गेले. त्यातले दोन ईएल३४ नव्हतेच. उरलेले दोन ईएल३४ होते खरे, पण आधीच भरपूर वापरलेले.

ईएल३४ मी विचार करून निवडले होते. अ‍ॅम्प्लिफायर स्टिरिओ, पुश-पुल, म्हणजे एका बाजूला दोन व्हॉल्व्ह. केटी८८ हा दुसरा पॉवर व्हॉल्व्ह घ्यायचा मोह होता, पण त्याच्या हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) १.६ अँपिअर लागतात, आणि मी ट्रान्सफॉर्मर चार ईएल३४ धरूनच गुंडाळून घेतला होता. प्रत्येकी दीड, असे एकूण ६ अँपिअर. शिवाय ईएल३४ वर गाणाऱ्याचा गळा जसा समोर येतो तसा मला दुसऱ्या कुठल्या व्हॉल्व्हवर येत नाही. हे माझं मत आहे, पण ते पक्कं आहे.

मुलार्डच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातलं उत्पादन थांबून कितीतरी वर्षं झाली. म्हणूनच त्या जुन्या व्हॉल्व्हना मागणी आहे आणि म्हणूनच नकलाही आहेत. मुलार्ड हे नाव पुढे नव्या रशियन बनावटीच्या व्हॉल्व्हवरही आलं. तो व्यवहार उघड आहे, त्यात फसवणूक नाही. पण त्यामुळे काचेवरच्या नावावरून वय मुळीच कळत नाही.

विक्रेत्याने पाठवलेले फोटो सुंदर होते. पिवळे पडलेले खोके, काचेवर ठसठशीत पांढरा छाप. मी विचारलं, काचेच्या तळाशी कोड दिसत नाही, तो कुठाय? उत्तर आलं, जुना माल आहे, पुसला गेला असेल. इथेच मी थांबायला हवं होतं. ब्लॅकबर्नच्या व्हॉल्व्हवर बुडाजवळ राखाडी रंगात कोरलेला कोड असतो, कारखान्यासाठी 'बी' अक्षर असलेला. तो शाईचा नसतो, सहजासहजी जात नाही. वरचा पांढरा छाप मात्र खऱ्या मुलार्डवरचाही बोट घासलं तर निघतो. म्हणजे जे पुसलं जायला हवं ते कोरं करकरीत, आणि जे टिकायला हवं तेच गायब.

जुळवल्याचा पुरावा म्हणून खोक्यांवर पेन्सिलने ९८, ९७, ९८, ९७ लिहिलं होतं. हे आकडे कशाचे? प्लेटला (जिथे करंट येतो तो आतला पत्रा) किती व्होल्ट, ग्रिडला (करंट आवरणारी जाळी) किती, करंट किती आला, काहीच नाही. व्हॉल्व्ह तपासायचा साधा एमिशन टेस्टर कमी व्होल्टेजवर असे आकडे दाखवतो. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ४०० च्या वर व्होल्ट आल्यावर तो व्हॉल्व्ह कसा वागेल, याबद्दल त्यातून काहीच समजत नाही.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला प्लेटवर ४३० व्होल्ट आहेत. ईएल३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. त्याच्या ७० टक्क्यांच्या आत राहायचं म्हणून प्रत्येकी ४० मिलिअँपिअर ठरवले होते. कॅथोडला, म्हणजे करंटच्या दुसऱ्या टोकाला, १० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यावर ०.४ व्होल्ट आले की ४० मिलिअँपिअर झाले. डाव्या बाजूला ०.३६ आणि ०.३७ आले. उजवीकडे त्याच बायसवर (करंट आवरायला ग्रिडला दिलेल्या निगेटिव्ह व्होल्टेजवर) ०.६४, आणि आकडा बघता बघता वर चढायला लागला. ०.७० ला पोचला तेव्हा मी खोलीतला दिवा मालवला. काळ्या प्लेटच्या शिवणीवर बोटभर लांबीची मंद लाल रेघ उमटली होती, भट्टीतून काढलेल्या लोखंडासारखी. लगेच बटण बंद केलं. ७० मिलिअँपिअर गुणिले ४३० म्हणजे ३० वॅट.

मला वाटलं चूक माझीच. दोन संध्याकाळी उजव्या बाजूचे कपलिंग कपॅसिटर बदलण्यात गेल्या. मग डावी जोडी उजवीकडे लावली, उजवी डावीकडे, आणि बिघाड व्हॉल्व्हबरोबर डावीकडे गेला. ही अदलाबदल पहिल्याच दिवशी करा. तिला फक्त पाच मिनिटं लागतात.

त्यानंतर एकेक व्हॉल्व्ह वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर लावून ६.३ व्होल्टला हीटरचा करंट मोजला. पहिल्या दोघांनी दीड अँपिअर घेतला. लाल झालेल्या दोघांनी ०.९. ईएल३४ चा हीटर ०.९ अँपिअर घेतच नाही, ही खूण ६एल६ या वेगळ्या पॉवर व्हॉल्व्हच्या कुळाची. त्या कुळाचे व्हॉल्व्ह ईएल३४ च्या सॉकेटमध्ये बसतात, वाजतातही, पण त्यांना जास्त निगेटिव्ह बायस लागतो. तो न मिळाल्याने ते एवढा करंट ओढत होते. थंड काचेवर तोंडाची वाफ सोडून तिरक्या उजेडात धरलं, तर छापाच्या मागच्या बाजूला क्षणभर पुसलेली अक्षरं दिसली. आधी ६, मग चौकटीसारखं रशियन 'प', मग ३. म्हणजे ६एल६ च्याच कुळातला रशियन ६पी३एस. त्याची प्लेट जेमतेम २०.५ वॅटची, आणि मी तिच्यावर ३० वॅट टाकले होते.

डाव्या जोडीच्या पिनांवर सॉकेटचे चरे होते, आणि वरच्या गेटरच्या (काचेच्या आतल्या चंदेरी थराच्या) कडा तपकिरी, विरळ झालेल्या. ते आधीही दिसत होतं. मी बघितलं नव्हतं.

विक्रेत्याला कळवलं तर तो गोड बोलला. म्हणाला, जुने व्हॉल्व्ह आहेत, पन्नास तास चालू द्या, स्थिरावतील. हा सल्ला अजिबात ऐकू नका. लाल झालेली प्लेट स्थिरावत नाही. तशी चालू ठेवली तर व्हॉल्व्ह जातो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाऊ शकतो. शिवाय त्या पन्नास तासांत माल परत करायची मुदत निघून जाते. माझी तशीच गेली. नंतर त्याने उत्तर देणंच बंद केलं.

खोकी उघडताना मी फोटो काढले नव्हते, त्यामुळे हेच व्हॉल्व्ह त्याने दिले हेसुद्धा मला सिद्ध करता आलं नाही. तुम्ही खोकं उघडतानाच तळाचा कोड, पिना आणि गेटर यांचे जवळून फोटो काढा, आणि हीटरचा करंट त्याच दिवशी मोजा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चांगल्या व्हॉल्व्हमध्येही असते. गेटर दुधासारखा पांढरा झाला असेल तर मात्र आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये घालूसुद्धा नका.

आता माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नव्या बनावटीचे चार ईएल३४ आहेत. प्रत्येकाच्या खोक्यावर प्लेट व्होल्टेज, बायस आणि करंट लिहिलेलं होतं. माझ्याकडे लावल्यावर ४१, ४०, ४२, ४० मिलिअँपिअर आले. त्या दोन नकली व्हॉल्व्हवरचा मुलार्डचा छाप मी स्पिरिटने पुसला, आणि ६पी३एस असं कागदावर लिहून बुडाला चिकटवलं. उद्या ते माझ्याकडून कुणाकडे गेले, तर त्याला खरं नाव दिसेल.