जळगावात पोर्टफोलिओ छापायचा तर: कॉलेजजवळचं डिजिटल प्रिंटचं दुकान

ग्राफिक डिझाइनवाल्यांनी इथे बिनधास्त छापावं. शीट १३ × १९ इंची, त्यामुळे ए-३ पान चारी बाजूंच्या ३ मिमी ब्लीडसकट (कापताना जाणाऱ्या जादा कडेसकट) बसतं. रंग चोख येतात, पण फाइल सीएमवायकेमध्येच (छपाईच्या चार रंगांत) न्या. केळीच्या कोवळ्या पानाचा स्क्रीनवर झळकणारा आरजीबी (स्क्रीनच्या रंगपद्धतीतला) हिरवा कागदावर मळकट होतो. मराठी मजकूर आउटलाइन करून (अक्षरांचे आकार बनवून) पीडीएफ द्या, नाहीतर दुकानाच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. बारीक अक्षरांना फक्त १०० टक्के काळा. चार रंगांचा काळा जरा सरकला तरी कडा धूसर.

घडीकाम मात्र कच्चं. ३०० जीएसएमच्या जाड कागदाला क्रीज (घडीसाठी दाबलेली खाच) न मारताच दुमडतात, मग टोनर (छपाईच्या रंगाचा थर) तडकून पांढरी रेघ उमटते. क्रीज आवर्जून मागा, तीही कागदाच्या ग्रेनच्या (तंतूंच्या) दिशेने. सबमिशनच्या आदल्या दिवशी जाऊ नका, प्रूफला (नमुना छापून तपासायला) वेळ मिळत नाही.