स्पिनर की स्केलेटन? दरांच्या पानापुरतं माझं मत

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी हळद-बेदाण्याच्या दरांचं पान करत होतो. पान आधी उघडतं, दर मागून ‘फेच’ने, म्हणजे सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या आज्ञेने, येतात. मधल्या वेळात गोल फिरणारा स्पिनर दाखवायचा, की येणाऱ्या तक्त्याच्या मापाच्या राखाडी पट्ट्या, म्हणजे स्केलेटन? मी दोन्ही वापरून पाहिलंय.

स्पिनर करायला काहीच लागत नाही. चार ओळी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) लिहिली की कुठेही चिकटवता येतो, आणि येणारा मजकूर कसा आहे हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. स्केलेटनचं तसं नाही. तक्त्यात एक रकाना वाढला की पट्ट्यांतही वाढवायचा, म्हणजे दोन ठिकाणची देखभाल. नुसत्या सोयीने ठरवायचं असतं तर विषय इथेच संपला असता.

पण पान उडी मारतं, त्याचं काय? स्पिनर असतो बोटाच्या पेराएवढा. दर आले की त्याच जागी लांबलचक तक्ता उभा राहतो आणि खालचं सगळं ढकललं जातं. आमच्या पानावर खाली ‘दुकानाला फोन’ हे बटण होतं. शेतकरी ते दाबायला जायचा, नेमका तेव्हाच तक्ता यायचा आणि बोट पडायचं राजापुरी हळदीच्या ओळीवर. मग मागच्या आठवड्याचे दर उघडायचे. दुकानाचे मालक म्हणाले, “अहो, फोन लावायला गेलं की जुने दर दिसतात म्हणतायत लोक.” ऑफिसच्या वायफायवर हे कधीच दिसलं नाही. जतच्या बाजूला जिथे नेट रेंगाळतं, तिथे मात्र हमखास. पान किती हलतं ते मोजणाऱ्या गूगलच्या सीएलएस मापावरही सगळी भिस्त ठेवू नका. ०.१ पर्यंत चांगलं धरतात हे खरं, पण टॅपनंतर ५०० मिलिसेकंदांच्या आत झालेली हलवाहलव त्यात मोजतच नाहीत.

यावर कोणी म्हणेल, स्पिनरच्या डब्यालाच मिन-हाइट, म्हणजे किमान उंची, द्या. देता येते. मग पांढऱ्या मैदानात एक चक्र एकटंच फिरत बसतं आणि बघणाऱ्याला पान बिघडल्यासारखं वाटतं. शिवाय उंची ठरवलीच आहे, तर पट्ट्यांचं निम्मं काम झालेलंच असतं.

स्केलेटनचीही एक खोड आहे, ती लपवत नाही. सौदे बंद असतील त्या दिवशी आठ पट्ट्या छान लुकलुकतात आणि शेवटी ‘आज सौदे नाहीत’ येतं. पानं मांडून पंगत उठवावी तसं! म्हणून सौदे आहेत की नाहीत एवढी बारीक माहिती मी पहिल्या एचटीएमएलमध्येच, म्हणजे आधी उघडणाऱ्या पानाबरोबरच, पाठवतो.

पट्ट्यांवरून सरकणारी ती चमक मात्र मला फारशी पटत नाही. बॅकग्राउंड-पोझिशन (पार्श्वभूमीची जागा) हलवून केलेली चमक ब्राउझरला पुन्हापुन्हा रंगवावी लागते आणि स्वस्त फोनवर अडखळते. ओपॅसिटीचा (फिकट-गडदपणाचा) हलका चढउतार पुरतो, आणि दर आले की २०० मिलिसेकंदांत ते उजळू द्यायचे. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवली आहे त्यांना ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही सेटिंग पाहून स्थिर पट्ट्याच द्याव्यात. उत्तर झटकन येणार असेल तर पट्ट्या क्षणभर चमकून जातात आणि ते डोळ्याला खटकतं. त्यामुळे जागा पहिल्यापासून राखायची, पण पट्ट्यांना रंग पाव सेकंदानंतर द्यायचा.

काहीही निवडलं तरी ‘रिस्पॉन्स डॉट ओके’, म्हणजे उत्तर नीट आलं का ते सांगणारी खूण, तपासाच. ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आला तरी फेच स्वतःहून चूक मानत नाही. लोडर (स्पिनर किंवा पट्ट्या) काढण्याचं काम ‘फायनली’त, म्हणजे यश येवो वा चूक, शेवटी चालणाऱ्या भागात ठेवा, नाहीतर तो संध्याकाळपर्यंत फिरत राहील. दहा सेकंदांनंतर मी ‘अबॉर्ट-कंट्रोलर’ने मागणी तोडतो आणि ‘पुन्हा बघा’ बटण दाखवतो.

शोधाचा निकाल, फोटो, बातम्या, म्हणजे किती ओळी येतील याचा अंदाजच नाही, तिथे स्पिनर घेतलात तर मी वाद घालणार नाही. बटणाच्या आत तर मीही तोच ठेवतो.

तारीख बदलल्यावर जुना तक्ता फिका करून ठेवायची पद्धतही आहे, आणि दिसायला ती सगळ्यांत गुळगुळीत. पण दरांच्या पानावर नको. आकडा कितीही फिका केला तरी माणूस तो वाचतो आणि त्याच भावाने गाडी भरायला निघतो. तिथे पुन्हा पट्ट्याच.