कॅल्शियम घालावं की अमिनो आम्ल बदलावं?

एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) गरम केलं की ढेपाळतं, ठेवून ठेवलं की मंदावतं. अशा वेळी समोर दोन वाटा असतात: बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) कॅल्शियम क्लोराइड घालायचं, नाहीतर जनुकात फेरफार करून एखादं अमिनो आम्लच, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एक कडी, बदलायचं. पहिलं काम एका दुपारचं, दुसरं काही महिन्यांचं. पण त्याआधी तुमच्या एन्झाइममध्ये कॅल्शियम नेमकं काय करतं, हे बघा.

स्टार्च तोडणाऱ्या अल्फा-अमायलेजमध्ये ते प्रत्यक्ष रासायनिक क्रियेत भाग घेत नाही, रेणूचे भाग जागच्या जागी धरून ठेवतं. प्रथिनं कापणाऱ्या ट्रिप्सिनमध्ये ते साखळीच्या एका वळशात बसतं आणि ट्रिप्सिनने ट्रिप्सिनलाच कापण्याला बराच आळा घालतं. पेशीबाहेर स्रवणाऱ्या फॉस्फोलिपेज ए२ (मेदरेणू तोडणारं एन्झाइम) चं मात्र वेगळं आहे. तिथे कॅल्शियम थेट क्रियाकेंद्रात, म्हणजे जिथे क्रिया घडते त्या जागी असतं आणि ४९ व्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल त्याला धरतं. काही विषारी सापांत निसर्गानेच त्या जागी लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल आणलंय. एकच अमिनो आम्ल बदललं, कॅल्शियमची जागा गेली आणि एन्झाइम म्हणून ते प्रथिन निकामी झालं. (तरी ते स्नायूंची नासधूस करतंच, त्याची तऱ्हा निराळी.)

तपासणी सोपी आहे. ईडीटीए (कॅल्शियमसारखे धातू पकडून ठेवणारं रसायन) घाला. क्रिया लगेच थांबली तर कॅल्शियम बहुधा क्रियेतच गुंतलेलं आहे. हळूहळू, विशेषतः तापवल्यावर घसरली तर ते आधार देणारं. काहीच फरक पडला नाही तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. घट्ट बसलेलं कॅल्शियम सुटायला वेळ लागतो.

कॅल्शियम नुसतं आधारापुरतं असेल आणि द्रावण तुमच्या हातात असेल, तर मी आधी कॅल्शियम क्लोराइडच घालून बघेन. चुकलं तर नवं बफर बनवायचं, बस्स. फॉस्फेट बफर मात्र नको, त्यात कॅल्शियम साका होऊन खाली बसतं. ट्रिस किंवा हेपीस बफर घ्या. आणि पुढच्या पायरीचाही विचार करा. स्टार्चपासून फ्रुक्टोज सिरप करताना अमायलेजला कॅल्शियम हवं असतं, पण नंतरच्या ग्लुकोज आयसोमरेजला (ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारं एन्झाइम) मॅग्नेशियम लागतं आणि कॅल्शियम त्याच्या वाटेत येतं. म्हणजे आधी घातलेलं कॅल्शियम नंतर काढत बसायचं. कमी कॅल्शियमवर भागणाऱ्या अमायलेजची मागणी यातूनच आली.

डिटर्जंटमध्ये तर कॅल्शियम घालण्याला अर्थच उरत नाही, कारण पाणी मृदू करणारे घटक कॅल्शियम ओढून घेतात. तिथे दुसरी वाट धरावीच लागते. सब्टिलिसिनमध्ये (डिटर्जंटमधलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम) संशोधकांनी ७५ ते ८३ क्रमांकाच्या अमिनो आम्लांचा, कॅल्शियम धरणारा वळसाच कापून टाकला. रेणू आधी कमकुवत झाला; मग इतर ठिकाणची अमिनो आम्लं बदलून त्याचा टिकाऊपणा परत उभा केला. एका बदलावर भागेल या आशेवर निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

बदलाची किंमतही मोजावी लागते. याच सब्टिलिसिनमधलं २२२ व्या जागेवरचं मेथिओनीन हे अमिनो आम्ल ब्लीचने ऑक्सिडाइज होतं. १९८५ साली त्या जागी अ‍ॅलानीन किंवा सेरीन बसवून दाखवलं: एन्झाइम ऑक्सिडीकरणाला टिकलं, पण क्रियाशीलता उतरली. ती जागा क्रियाकेंद्रातल्या सेरीनच्या अगदी शेजारची आहे, तेव्हा नवल नाही. ब्लीचशी गाठ असेल तर हा सौदा परवडतो, नसेल तर उगाच तोटा.

कॅल्शियम क्रियेतच असेल तर ते धरणाऱ्या अमिनो आम्लांना हात लावू नका. बदल लांबच्या, पृष्ठभागावरच्या वळशांमध्ये शोधा. आणि प्रत्येक बदललेलं एन्झाइम कॅल्शियमसह आणि कॅल्शियमशिवाय, दोन्ही प्रकारे मोजा. नाहीतर बदल केला म्हणून टिकलं की बफरमुळे टिकलं, हे शेवटपर्यंत कळणार नाही.