गाडी नुसतीच ‘कट-कट’ करते: डिकीत जम्पर केबल ठेवावी की जम्प स्टार्टर?

सेल्फ मारला की कट-कट-कट ऐकू येतं आणि इंजिन काही हलत नाही. एकदा हे झालं की पुढच्या वेळेसाठी डिकीत काहीतरी असावं असं वाटू लागतं. माझ्याकडे केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून आपल्या बॅटरीला करंट देणाऱ्या चिमटेवाल्या तारा) आणि लिथियमचा जम्प स्टार्टर (स्वतःचीच बॅटरी असलेला, चिमटे लावून गाडी सुरू करणारा छोटा डबा), दोन्ही आहेत आणि दोन्हींनी गाडी सुरू करून झाली आहे.

बॅटरी उतरली असेल तरच या दोन्हींचा उपयोग. भराभर कट-कट आणि त्याबरोबर मंदावणारे डॅशबोर्डचे दिवे, म्हणजे बहुधा बॅटरीच: सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो आणि परत तेच. एकच जोरदार ‘टक’ आणि दिवे तसेच लख्ख, तर संशय स्टार्टरवर घ्यावा. काहीही असो, आधी बॅटरीचं टर्मिनल (तार जिथे जोडलेली असते ते टोक) हाताने हलवून बघा. ते सैल असेल किंवा त्यावर पांढरट-हिरवट भुकटी साचली असेल, तर गरम पाणी, खायचा सोडा आणि पान्हा एवढ्यावर काम भागू शकतं. (साफ करताना निगेटिव्ह आधी काढा, लावताना शेवटी लावा.) मल्टिमीटर असेल तर बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12 च्या खाली म्हणजे चांगलीच उतरलेली.

आता केबल. तिला चार्ज करावं लागत नाही, वर्षानुवर्षं डिकीत पडून राहिली तरी बिघडत नाही. शिवाय दुसऱ्या गाडीचं इंजिन पाच-दहा मिनिटं चालू ठेवलं, की आपल्या पार झोपलेल्या बॅटरीतही थोडा जीव येतो. जम्प स्टार्टर झटका देतो, पण असा दम धरून भरत बसत नाही. हे केबलचं मोठंच बळ आहे.

खरेदी मात्र डोळे उघडे ठेवून करावी लागते. जाडजूड दिसणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये जाडी असते ती रबराची. आतली तार 6 चौरस मिलिमीटरची आणि लांबी 3 मीटर असेल, तर जाऊन-येऊन 6 मीटर तांबं झालं. त्यातून 150 अँपिअर ओढले की अडीच व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. 25 चौरस मिलिमीटरच्या तारेत तेच नुकसान साधारण 0.6 व्होल्ट. वर तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असेल तर आणखी घट. मग केबल लावूनही कट-कटच ऐकू येतं आणि बिचाऱ्या चांगल्या स्टार्टरवर आळ येतो. छोट्या पेट्रोल गाडीला 16, डिझेलला 25 चौरस मिलिमीटर, त्याखाली मी तरी जाणार नाही.

माझा निर्णय मात्र तारेच्या जाडीवर झाला नाही. केबलला दुसरी गाडी लागते, तिथे घोडं अडलं. गाडी सापडणं त्या मानाने सोपं, ती जवळ आणणं कठीण. आपली गाडी भिंतीकडे तोंड करून लावलेली, दोन्ही बाजूंना गाड्या, ज्यांचे मालक बेपत्ता. मदतीला आलेल्या गाडीची बॅटरी नेमकी पलीकडच्या बाजूला, काहींची तर डिकीत. 3 मीटर केबल हातभर कमी पडते. न्यूट्रलमध्ये टाकून ढकलावी म्हटलं, तर ऑटोमॅटिक गाडी मेलेल्या बॅटरीवर पार्कमधून सहजी निघत नाही. आणि सगळं जुळलं तरी समोरचा विचारतो, “माझ्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला काही होणार नाही ना?” प्रश्न रास्त आहे. लाल-काळं उलटं लागलं तर नुकसान त्याचंही होऊ शकतं. मग मी बॉनेट धरून त्याला क्रम समजावत उभा: लाल आधी आपल्या पॉझिटिव्हला, मग त्याच्या; काळा त्याच्या निगेटिव्हला आणि शेवटचा चिमटा आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. ही आर्जवं मला नकोशी झाली. तुमचा स्वभाव वेगळा असेल.

जम्प स्टार्टरही साधुसंत नाही. डब्यावरच्या ‘2000 अँपिअर’वर मी विश्वास ठेवत नाही, तो क्षणभराचा आकडा असतो. 12,000 एमएएचसुद्धा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचे, म्हणजे जेमतेम 44 वॉट-तास. दोन-तीन महिन्यांनी तो चार्ज करावा लागतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवणं त्याला मानवत नाही. बॅटरी अगदीच शून्याला टेकली असेल, तर त्याचे चिमटे तिला ओळखतच नाहीत. मग सक्तीचं बटण दाबावं लागतं. ते दाबलं की बऱ्याच मॉडेलांत उलट जोडणीपासूनचं संरक्षण बंद होतं, म्हणून तेव्हा चिमटे दोनदा तपासावेत.

हे सगळं मान्य करूनही माझ्या गाडीत आता जम्प स्टार्टरच असतो, सीटखाली, सावलीत. चार्जिंगची तारीख लक्षात ठेवणं माझ्या हातात आहे, शेजारची गाडी हलवणं नाही. घरात दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहत असतील किंवा चार्जिंगचा तुम्हाला कंटाळा असेल, तर चांगली जाड केबल घ्या, त्यात काही चुकणार नाही. एकट्याने फिरणाऱ्याला मात्र मी केबल सुचवताना जरा अडखळेन.

कशानेही सुरू केलीत तरी इंजिन चालू असताना बॅटरीला मीटर लावा. 13.7 ते 14.7 व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं, बॅटरी भरणारं जनित्र) चार्ज करतोय, आणि तरीही दोन दिवसांनी कट-कट परतली तर बॅटरी तपासून घ्यायची वेळ झाली. साडेबाराच्या आसपासच अडकलं तर इंजिन बंद न करता थेट मेकॅनिक गाठा.