भिंतीवर अहवाल आखायची पद्धत: अख्खा पावसाळा वापरल्यावर

स्टिकी नोट बनवणाऱ्यांनी जुलैत रत्नागिरीला येऊन आपला माल एकदा भिंतीला लावून दाखवावा. अहवालाचा एकेक मुद्दा चिठ्ठीवर लिहून आम्ही भिंतीवर लावतो, पण भिंतीला ओल आली की चिठ्ठी तासभर टिकत नाही. पंखा लावला की 'निष्कर्ष' टेबलाखाली आणि 'शिफारशी' दारात. महागातलं पाकीट आणलं, तेही तसंच. पैसे पाण्यात.

पद्धत मात्र खणखणीत आहे. अमेरिकेत ह्यूजेस एअरक्राफ्टच्या लोकांनी ती 1960 च्या दशकात बसवली. एका मुद्द्याला समोरासमोरची दोन पानं, एकावर मजकूर, दुसऱ्यावर आकृती. लिहायला बसण्याआधी सगळे कच्चे आराखडे भिंतीवर लावायचे आणि तिथेच भांडून घ्यायचं. आम्ही जेटी-पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. आमच्याकडे चिठ्ठीवर नुसतं 'हाफ-सेल चाचणी' (काँक्रीटमधल्या सळ्या गंजतायत का, ते विद्युतदाब मोजून ताडायची चाचणी) चालत नाही. 'समुद्राकडच्या खांबांत सळ्या गंजत असण्याची दाट शक्यता' असं पूर्ण वाक्य लागतं. खाली आलेख, त्यात उणे 350 मिलिव्होल्टची, म्हणजे गंजाच्या धोक्याची रेघ आणि तिच्याही खाली गेलेले बिंदू. वाक्य जमत नसेल तर तो मुद्दाच कच्चा.

एका जेटीच्या वेळी भिंतीवर एक चौकट रिकामी राहिली. ज्युनियर म्हणाली, "सर, भरतीच्या पट्ट्यातल्या खांबांचं कव्हर कुठाय?" कव्हर म्हणजे सळीवरच्या काँक्रीटची जाडी, ती मोजलीच नव्हती! लगेच ओहोटीची वेळ बघून पोरं कव्हर मीटर घेऊन गेली. एरवी हे अहवाल छापून गेल्यावर क्लायंटने दाखवलं असतं.

मध्यंतरी चिठ्ठ्यांना वैतागून माइंड मॅपचं, म्हणजे मधल्या विषयातून फांद्या काढत विचार मांडायचं ॲप घेतलं, दरमहा पैसे भरून. पहिले काही आठवडे भलताच खूश होतो, चार जणांना शिफारसही केली. ती आता मागे घेतो. विचार गोळा करायला ठीक आहे, पण फांद्या चहूकडे पसरतात आणि अहवाल तर एका ओळीत जातो. शिवाय एका लॅपटॉपभोवती पाच जण वाकून उभे, त्यात लाइट गेली की राउटर बंद. हवंच असेल तर फ्रीप्लेन हे माइंड मॅपचं सॉफ्टवेअर फुकट आहे, नेटशिवाय चालतं.

सध्या भिंतीला नायलॉनची दोरी, कपड्यांचे चिमटे आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. खर्च फक्त चिमट्यांचा. जाड पत्रिका ओल्या हवेतही वाकत नाही, क्रम बदलायचा तर चिमटा सरकवला की झालं. चकचकीत पत्रिका मात्र घेऊ नका, त्यावर जेल पेन फासतं. पेन्सिलच बरी.