उद्यमनगरातलं पेंटिंगचं काम : सिल्व्हर गाडीवाल्यांनी वाचावं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांना तोटा नाही. मी ज्या गॅरेजबद्दल लिहितेय ते आतल्या बोळात आहे, बोर्डही लहानसाच. पण सिल्व्हर, ग्रे किंवा कुठल्याही मेटॅलिक रंगाची गाडी असेल तर तिथंच न्या, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. मी इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये शेड मॅचिंग करते. मूळ नमुना आणि रंगवून आलेला लॉट शेजारी ठेवून फरक शोधायचा, हीच नोकरी. त्यामुळे रंगाच्या कामात ‘चालतंय की’ मला चालत नाही.

गाडी २०१२ ची स्विफ्ट, रंग सिल्की सिल्व्हर. मागच्या डाव्या दरवाजाला टेम्पो घासून गेला. हँडलखाली लांब पोचा आणि पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा. इन्शुरन्सला हात लावला नाही. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर पोचला होता, तो एका दरवाजापायी घालवायचा नव्हता.

बाकी ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं : एक पॅनेल (म्हणजे पत्र्याचा एक भाग, इथं दरवाजा), कंपनीचा रंगाचा कोड टाकून रंग बनवतो, सेम टू सेम येतंय. इथल्या मिस्त्रींनी गाडी बोळातून बाहेर उजेडात घ्यायला लावली, भोवतीनं एक चक्कर मारली आणि म्हणाले, “ताई, दरवाजा एकटा मारला तर दिसणार. पुढच्या दरवाजावर आन् मागच्या क्वार्टरवर, म्हंजे मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, रंग विरत न्यावा लागंल. बिल वाढंल. पण नुसता दरवाजा मारून द्या म्हणत असाल तर मी हे काम घेत न्हाई.” 

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. एकाच कोडचे तीन-चार व्हेरिएंट असतात, कारण कंपनीतही बॅचगणिक रंग थोडा हलतो. त्यात गाडीनं दहाबारा उन्हाळे पाहिलेले. आणि सिल्व्हर म्हणजे नुसता रंग नव्हे, त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कसे बसतात हे स्प्रे गनचं प्रेशर, गनचं पत्र्यापासूनचं अंतर आणि थिनर यांवर ठरतं. हात ओला पडला तर रंग गडद दिसतो, कोरडा पडला तर उजळ. म्हणजे डब्यातला रंग अगदी अचूक असला तरी दरवाजावर तो वेगळा दिसू शकतो. आमच्याकडं कापडाची शेड कधी कधी मध्यापासून काठापर्यंत हळूहळू सरकते. ताग्यावर ते कुणाच्या लक्षात येत नाही, पण मधला तुकडा आणि काठाचा तुकडा शिवणीत शेजारी आले की लगेच उठून दिसतात. गाडीत ती शिवण म्हणजे दोन दरवाजांमधली फट. रंग बदलायचाच असेल तर तो फटीवर बदलू नये, पॅनेलच्या पोटात हळूहळू बदलावा. सगळी कला एवढ्यासाठी आहे.

रंग बनवल्यावर त्यांनी तो थेट गाडीवर मारला नाही. पत्र्याच्या तुकड्यावर बेस (रंगाचा थर) मारला, वर क्लिअर (चकाकीचा पारदर्शक थर) दिला, वाळवला आणि बाहेर नेऊन दरवाजाशेजारी धरला. क्लिअर न देता बघितलेली शेड फसवी असते, ट्यूबलाइटखाली बघितलेली तर फारच. पहिला तुकडा समोरून जुळला, पण तिरका धरल्यावर काळपट पडला. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत मिस्त्रींनी तो बाजूला टाकला आणि दुसरा व्हेरिएंट काढला. तिथंच माझी खात्री पटली.

हँडल, काचेच्या पट्ट्या, आरसा, सगळं काढलं; भोवतीनं टेप चिकटवून भागवलं नाही. पोचा बाहेर ओढून पत्रा सरळ केल्यामुळं लांबीही (पुट्टी) पातळच लागली. शेजारच्या दोन पॅनेलना प्रायमर वगैरे काही नाही, फक्त जुना क्लिअर बारीक पाणीपेपरनं मारून मॅट केला. मग त्यांच्यावर आधी रंग नसलेला पारदर्शक बेस ओला मारून घेतला. तो नसला तर कडेला उडालेले कण कोरडे बसतात आणि खरखरीत पट्टा दिसतो. दरवाजा पूर्ण झाकल्यावर प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा पुढं, प्रेशर कमी करत, मनगट बाहेर वळवत. पुढच्या दरवाजावर साधारण मध्यापर्यंत येऊन रंग संपला. कुठं संपला ते मी जवळ उभी राहून बघत होते, तरी नंतर मला बोट ठेवता आलं नाही.

क्लिअर मात्र पॅनेलच्या पोटात सोडायचा नसतो, तो कडेपासून कडेपर्यंतच द्यावा लागतो. मध्येच थिनरनं विरवून टाकलेली क्लिअरची कड आज दिसत नाही, पण उन्हानं आणि धुण्यानं पुढं ती उघडी पडते. क्वार्टरला हीच अडचण होती : तो पत्रा मागच्या खांबावरून सलग छतापर्यंत जातो, मध्ये सांधाच नाही. पुष्कळ जण खांबाच्या अरुंद भागात क्लिअर विरवून मोकळे होतात. इथं छताकडेची काळी पट्टी काढली आणि क्लिअर थेट तिथपर्यंत नेला. बिलात हे वेगळं लिहिलेलंही नाही.

आता तक्रारी. गाडी उशिरा मिळाली. कारण पटण्यासारखं होतं. जुलैच्या दमट हवेत घाई केली तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, ओल धरतो आणि रंग पांढरट मारतो; म्हणून त्यांनी सावकाश उडणारा थिनर वापरला आणि मुसळधार पावसात बूथ (रंग मारायची बंद खोली) बंद ठेवला. पण उशीर होतोय हा फोन त्यांनी करायला हवा होता, दर वेळी मलाच करावा लागला. दुसरं, पुढच्या दरवाजाच्या क्लिअरमध्ये धुळीचा एक कण होता. दाखवल्यावर २००० नंबरचा पेपर आणि कंपाउंड मारून काढून दिला, कुरकुर न करता. मागचा बंपर किंचित वेगळा दिसतो, पण तो प्लॅस्टिकचा आहे आणि आधीपासून तसाच होता.

पोच्यासह दरवाजाचे ५,५०० आणि शेजारच्या दोन पॅनेलचे मिळून ६,००० रुपये झाले. बाहेर एकट्या दरवाजाचे साडेचार हजार सांगत होते. फरक मोठा आहे, मान्य. पण गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक आधी बाजूला उभं राहून एका रेषेत बघतं, आणि वेगळा दिसणारा दरवाजा म्हणजे मोठा अपघात, असंच धरून भाव पाडतं.

पर्ल व्हाइटवाल्यांनी एक काळजी घ्यावी. तीन थरांच्या पर्लमध्ये (खाली पांढरा, मध्ये मोतिया, वर क्लिअर) मधल्या थराचे हात किती यावर शेड बदलते. त्यामुळं एक, दोन, तीन हातांचे वेगवेगळे तुकडे मारून घ्या आणि गाडीला लावून बघा. इथं ते स्वतःहून करतात, दुसऱ्या एका गाडीचे तसे तुकडे भिंतीवर टांगलेले मी बघितले. गाडी ताब्यात आल्यावर महिनाभर वॅक्स-पॉलिश करू नका, असं त्यांनी बजावलंय. जायचं तर सकाळी जा, दुपारनंतर मिस्त्री बूथमध्ये असतात. आणि गाडी धुऊन न्या, मळक्या गाडीची शेड ते बघत नाहीत.